भाचीच्या इंग्लंडातल्या घराचा सातबारा: व्हिक्टोरियन खेडं नागपुरात बसून कसं वाचायचं

मी सर्च रिपोर्टचं काम करतो. म्हणजे कोणाला बँकेचं लोन पाहिजे असलं की वकील साहेब माझ्याकडे फाइल टाकतात आणि मी रजिस्ट्री ऑफिस, तहसील, पटवारी असं फिरून मागच्या तीस वर्षांत ती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते काढून देतो. वडील उमरेडकडे पटवारी होते, त्यामुळे बाराखडीच्या आधी मला सातबारा आला असं आई म्हणायची. तर झालं असं की माझी भाची नवऱ्यासोबत इंग्लंडला गेली, डॉर्सेट काउंटीतल्या एका लहानशा गावात भाड्यानं घर घेतलं, आणि एका रात्री व्हॉट्सअॅपवर जुन्या नकाशाचा फोटो आला. "मामा, हे पाहा ना, घरमालकानं दाखवला, आमचं घर ११२ नंबर आहे म्हणे, पण हे आहे काय?" सोबत एका रजिस्टरच्या पानाचाही फोटो होता. मी चष्मा लावून झूम केलं आणि पाहतच राहिलो. प्लॉट नंबर, मालकाचं नाव, कसणाऱ्याचं नाव, जमिनीचा प्रकार, क्षेत्र, आकारणी. बाप्पा, हे तर आपलंच!

तेव्हापासून दोन वर्षं ११२ नंबरच्या मागे लागलो आहे, आणि तीन-चार जणांनी विचारलं की हे नागपुरात बसून कसं काय जमते, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कोणाचे नातेवाईक तिकडे असतील, कोणी इतिहासात एमए करून राहिलं असेल, नाहीतर कोणाला त्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचताना 'हा स्क्वायर नेमका कोण, टेनंट कोण, रेक्टरला म्हणजे गावच्या पाद्र्याला पैसा कुठून येते' असा प्रश्न पडला असेल, त्यांच्यासाठी. व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१.

सगळ्यात आधी गाव पक्कं करा. हसू नका, मी इथंच पहिला मार खाल्ला. तिकडे एकाच नावाची गावं चार-चार काउंटीत सापडतात, मी पैसे भरून जो नकाशा डाउनलोड केला तो भलत्याच काउंटीचा निघाला आणि दोन दिवस मी त्यात ११२ नंबर शोधत बसलो, मग भाची म्हणे मामा आमच्याकडे नदी उत्तरेला आहे, दक्षिणेला नाही. तर काउंटीचं नाव आणि पॅरिशचं नाव, हे दोन्ही लिहून घ्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आपल्या साझ्यासारखा समजा, त्यात मुख्य गाव असते आणि दोन-तीन टोल्या असतात. जमीनदारीची हद्द म्हणजे मॅनर ही अजून वेगळी, ती पॅरिशशी जुळेलच असं नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे फुकट पाहायला मिळतात, आजच्या सॅटेलाइट फोटोच्या शेजारी लावूनसुद्धा, तिथं एक तास घालवा, गावाचा ओढा, चर्च, रस्त्याचं वळण डोक्यात बसू द्या, मग पुढं जा.

आता मुख्य कागद. त्याला म्हणतात टाइद मॅप, आणि सोबतच्या रजिस्टरला अपोर्शनमेंट. टाइद म्हणजे दशांश. गावात जे पिकेल त्याचा दहावा भाग चर्चचा, गव्हाची दहावी पेंढी, दहावं पिल्लू, असं शेकडो वर्षं चाललं. १८३६ मध्ये कायदा करून हे धान्य बंद केलं आणि त्याच्या जागी रोख रक्कम ठरवली, तीसुद्धा कायमची एक नाही, गहू, बार्ली आणि ओट यांच्या मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर दरवर्षी खालीवर होणारी. आता कोणत्या वावरावर किती रक्कम बसवायची हे ठरवायला प्रत्येक वावर मोजावं लागलं, आणि त्यातून हे नकाशे निघाले, बहुतेक १८५० च्या आसपासपर्यंत तयार झाले. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक सरकारकडे, एक बिशपकडे, एक गावच्या चर्चच्या पेटीत. सरकारवाली प्रत आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, रजिस्टर आयआर २९ या सिरीजमध्ये आणि नकाशे आयआर ३० मध्ये. कॅटलॉग फुकट सर्च होते. फोटो कुठं फुकट तर कुठं पैसे देऊन मिळतात, काही काउंट्यांनी स्वतःच आपले नकाशे ऑनलाइन टाकले आहेत, म्हणून आधी काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसची साइट पाहा आणि मगच कार्ड काढा.

रजिस्टर उघडलं की पहिल्या झटक्याला माणूस गोंधळते, कारण नंबर सलग नसतात, १ नंतर ४७, मग २०३. याचं कारण ते मालकाच्या नावानं लावलेलं असते. म्हणजे ते आपलं आठ-अ आहे, सातबारा नाही. एवढं एक डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं. मी काय केलं, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये टाकल्या, कूलर लावून मे महिन्याचे पंधरा दिवस तेच केलं, घरचे म्हणे हा माणूस येडा झाला. कॉलम असे ठेवा: नंबर, मालक, ऑक्युपायर, वावराचं नाव, प्रकार, एकर, रूड, पर्च, रक्कम. प्रकारात अॅरेबल म्हणजे वहीत, मेडो म्हणजे कापणीच्या गवताची जमीन, पाश्चर म्हणजे चराईची, वूड म्हणजे झाडं. मग नंबरप्रमाणे सॉर्ट केलं की सातबारा तयार, मालकाप्रमाणे केलं की आठ-अ, आणि ऑक्युपायरप्रमाणे केलं की त्या गावातली खरी शेती कोणकोणत्या फार्ममध्ये वाटलेली होती ते समोर येते. हा तिसरा सॉर्ट सोडू नका, खरं गाव तिथं दिसते.

मोजमापाला घाबरायचं कारणच नाही. एका एकरात ४ रूड, एका रूडमध्ये ४० पर्च, म्हणजे एकराचे १६० पर्च. आपल्या एकराचे गुंठे ४०. म्हणजे एक रूड बरोबर १० गुंठे, आणि ४ पर्च म्हणजे १ गुंठा, एका पैशाचाही फरक नाही, कारण गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा आणि पर्च साडेसोळा बाय साडेसोळाचा. दोन्ही एकाच साहेबाच्या साखळीतून निघालेले. आपल्याकडे सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते, तर गुंठा आणि आर जवळपास सारखेच धरा. आमच्या ११२ नंबरला लिहिलं होतं ० एकर ० रूड २२ पर्च. साडेपाच गुंठे, ५,९९० स्क्वेअर फूट. मी भाचीला म्हटलं अगं नागपुरात मनीषनगरमध्ये एवढा प्लॉट असता तर आपण सगळे कामधंदा सोडून बसलो असतो. पैशाचंही सोपं आहे, १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, सगळं पेन्समध्ये करून बेरीज करा.

आता सावध व्हा, इथं आपला सातबारा वाचणारा माणूसच जास्त फसते. आपल्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार' लिहिलेलं असते आणि आपण त्याला मालक समजतो, वर्ग १ असला तर तो खरंच मालकासारखाच. त्यांच्या कागदावर 'ऑक्युपायर' म्हणजे शब्दशः भोगवटादारच, पण तो मालक नाही, तो कूळ. मालक बाजूच्या कॉलममध्ये वेगळा बसलेला. दोघं एकच असतील तर ऑक्युपायरच्या जागी 'हिमसेल्फ' नाहीतर 'इन हँड' लिहितात. भाचीच्या गावात मी 'हिमसेल्फ' शोधत गेलो तर लॉर्डचा, म्हणजे मॅनरच्या जमीनदाराचा बंगला, बाग, थोडं जंगल, रेक्टरची स्वतःची जमीन, आणि एका लोहाराचा तुकडा एवढंच सापडलं. बाकी वहीत जमीन सगळी पाच-सहा फार्मरांकडे, आणि त्यातला एकही स्वतःच्या जमिनीवर नाही. फार्मर म्हणजे आपण समजतो तसा शेतकरी नव्हे, तो दोनशे-तीनशे एकर मक्त्यानं घेणारा, घोडे-अवजारं-भांडवल स्वतःचं असलेला माणूस. मक्ता बहुतेक ठिकाणी वर्षावर्षाचा, २५ मार्चचा लेडी डे नाहीतर २९ सप्टेंबरचा मायकेलमस या तारखांना सुरू होणारा. मार्च एंडिंगच्या आसपास आपल्याकडेही पाडव्याला सालगडी बदलतात, तसंच काहीसं.

मालकीचेही प्रकार आहेत, ते रजिस्टरवर नेहमी लिहिलेले नसतात पण कळले पाहिजेत. फ्रीहोल्ड म्हणजे सरळ मालकी. लीज म्हणजे ठरावीक वर्षांसाठी, आणि त्या भागात एक मजेशीर लीज होती, तीन माणसांच्या आयुष्यावर, म्हणजे कागदावर तीन नावं लिहायची आणि त्यातलं शेवटचं माणूस मरेपर्यंत घर तुमचं, म्हणून लोक मुद्दाम तान्ह्या पोरांची नावं टाकायचे. आणि तिसरा प्रकार कॉपीहोल्ड, जो मला सगळ्यात आवडला. यात जमीन मॅनरच्या लॉर्डची, पण कूळ पिढ्यान्‌पिढ्या कसणार, आणि त्याच्याकडे पुरावा काय तर लॉर्डच्या कचेरीतल्या रजिस्टरची नक्कल. कॉपी म्हणजे खरंच नक्कल! आयुष्यभर मी तहसीलीत नकलेसाठी अर्ज लावले, तिकडे त्या नकलेच्या नावानं आख्खा हक्क होता. बाप मेला की पोरानं कचेरीत जायचं, कारभाऱ्यासमोर फेरफार करून घ्यायचा, त्याची फी भरायची, आणि कित्येक ठिकाणी घरातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डला द्यायचं, त्याला हेरियट म्हणत. हा प्रकार कायद्यानं पूर्ण संपला १ जानेवारी १९२६ ला. कॉपीहोल्ड असेल तर मॅनरची कोर्ट रजिस्टरं शोधा, ती कुठं ठेवली आहेत ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये सापडते. फेरफार रजिस्टर वाचायची सवय असेल तर अक्षरशः तीच मजा येते, फक्त १७३३ च्या आधीचे कागद बहुतेक लॅटिनमध्ये असतात.

अजून एक गोष्ट आपल्या डोळ्याला खटकेल. आपल्या सातबाऱ्यावर एका चार एकराला सतरा नावं असतात, काकाचं, आत्याचं, जी लग्न होऊन रायपूरला गेली तिचं, तिच्या तीन पोरांचं. तिकडे शंभर वर्षं एकच नाव. कारण मृत्युपत्र नसलं तर जमीन सगळी थोरल्या मुलाला, आणि मोठ्या घराण्यांत तर कागद असा बांधलेला असायचा की थोरल्यालाही विकता येऊ नये, त्यानं फक्त हयातीपुरतं खायचं. १८८२ च्या सेटल्ड लँड अॅक्टनं हे पहिल्यांदा खऱ्या अर्थानं सैल केलं. धाकटे मग फौजेत, चर्चमध्ये, आणि हो, इकडे हिंदुस्थानात नोकरीला. लग्न झालेल्या बाईची जमीन बहुतेक नवऱ्याच्या नावात दडलेली असते, म्हणून मालकांत बाईचं नाव दिसलं तर ती विधवा नाहीतर अविवाहित, हे धरून चाला.

टाइद मॅप सापडलाच नाही तर काय? बऱ्याच गावांचा नाहीच आहे, खास करून मिडलँड्सकडे, म्हणजे मधल्या इंग्लंडात, कारण तिथं दशांशाचा हिशोब आधीच एन्क्लोजरच्या वेळी मिटवला होता, चर्चला त्याच्या बदल्यात जमीनच देऊन टाकली. अशा वेळी एन्क्लोजर अवॉर्ड शोधा. आधी गावाची मोठमोठी मोकळी वावरं असायची, त्यात प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या, आणि कडेला सामाईक पडीत, तिथं गरिबाची गाय चरायची, सरपण मिळायचं. मग पार्लमेंटचा कायदा आणायचा, सगळं मोजून चौकोनी तुकडे करायचे, कुंपण घालायचं, आणि ज्याच्याकडे कागद त्याला तुकडा. कागद नसलेला पण पिढ्यान्‌पिढ्या गाय चारणारा माणूस गेला वाऱ्यावर. पूर्व विदर्भातल्या माणसाला हे समजवून सांगायची गरज नाही, आपल्याकडे निस्तार पत्रक आहे, कोणत्या गावाला कोणत्या पडीतातून लाकूड, गवत, मुरूम घ्यायचा हक्क ते त्यात लिहिलेलं, फरक एवढाच की आपलं निदान लिहून ठेवलं. जुनी पट्ट्यांची शेती कशी दिसायची ते पाहायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन गाव मॅपवर पाहा, तिथं ती आजही चालू आहे.

इथवर मालक झाला, फार्मर झाला. पण ११२ नंबरमध्ये राहत कोण होतं? रजिस्टरवर ऑक्युपायर म्हणून एक नाव आणि पुढं 'अँड अदर्स'. या 'अदर्स'मध्ये गावातले निम्मे लोक गायब होतात, आणि त्यांना शोधायचं तर जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी नावासकट आहे, १८८१ ची फॅमिलीसर्चवर फुकट लॉगिन करून सर्च होते, बाकी काही फ्रीसेन नावाच्या साइटवर स्वयंसेवकांनी टाइप केलेली आहे. १८४१ ची वाचताना लक्षात ठेवा की पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असं ठरलं होतं, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० लिहिलेला असू शकते, आणि कोण कोणाचा काय लागते ते लिहिलेलंच नाही. १८५१ पासून नातं, नेमकं वय, जन्मगाव सगळं येते. आणि फार्मरच्या नावापुढं किती एकर, किती मजूर कामावर हेसुद्धा, ते तुमच्या एक्सेलच्या बेरजेशी ताडून पाहा, जुळलं की जे समाधान मिळते ते सर्च रिपोर्टवाल्यालाच कळेल. मजुरासाठी 'एजी लॅब' असं लिहिलेलं असते, अॅग्रिकल्चरल लेबरर. पानंच्या पानं एजी लॅब. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका, बाप आणि मुलगा एकाच नावाचे होते, मी बापालाच वीस वर्षं जगवत ठेवलं, जन्मगाव ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं.

११२ मध्ये दोन कुटुंबं निघाली, माणसं अकरा. वरच्या मजल्याला पायऱ्यांऐवजी शिडी आहे अजून, भाची म्हणते स्टोरेज आहे, मी म्हटलं तिथं सहा पोरं झोपत होती. १८५१ मध्ये घरचा माणूस एजी लॅब, नऊ वर्षांचा पोरगा पाखरं हाकायला, म्हणजे आपली राखण, आणि बायकोच्या कामाचा रकाना कोरा. हा कोरा रकाना खोटा आहे हे धरूनच वाचा. दगड वेचणं, निंदण, गवत वाळवणं, आणि पीक निघाल्यावर पोराबाळांना घेऊन सरवा वेचणं, हे सगळं बायकाच करत होत्या. सरव्याला तिकडे ग्लीनिंग म्हणतात, काही गावांत चर्चची घंटा वाजली की सुरू आणि वाजली की बंद, म्हणजे कोणी आधी घुसू नये. त्या वेचलेल्या गव्हावर घराचं कित्येक आठवड्यांचं पीठ निघायचं.

मजुरी किती? १८५०-५१ मध्ये जेम्स केअर्ड नावाच्या माणसानं काउंट्या फिरून हिशोब लिहून ठेवला, सरासरी आठवड्याला साडेनऊ शिलिंग, उत्तरेत साडेअकरा आणि दक्षिणेत साडेआठच्याही आत. उत्तरेत जास्त का, तर बाजूला खाणी आणि गिरण्या, मजूर तिकडे पळते. बुटीबोरीच्या कारखान्यांच्या आसपासच्या गावात निंदायला बाई का मिळत नाही हे ज्याला माहीत आहे त्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. आणि घर बहुतेक वेळा मालकाचं नाहीतर फार्मरचं, काम सुटलं की घर सुटलं. काही जमीनदार तर गावात मजुरांची घरं पाडायचे, कारण गरिबाला पोसायचा कर पॅरिशवर बसायचा, माणूसच नसला तर कर नाही. मग मजूर तीन-चार मैलांवरच्या दुसऱ्या गावातून पायी येणार. १८६५ मध्ये तो कर आख्ख्या युनियनवर, म्हणजे बऱ्याच पॅरिश मिळून केलेल्या गटावर टाकला तेव्हा या पाडापाडीतला फायदा संपला. तुमच्या गावात एकर भरपूर आणि माणसं फारच कमी दिसली तर हे कारण तपासा. आमच्या ११२ मधली बाई १८६१ ला विधवा, कामाच्या रकान्यात 'पॉपर', म्हणजे मदतीवर जगणारी. १८७१ ला त्या घरात नाव दुसरंच. पुढच्याच वर्षी वॉरिकशायरमध्ये वेल्सबर्नला जोसेफ आर्चनं चेस्टनटच्या झाडाखाली मजुरांची सभा घेतली आणि त्यांची देशभरची कामगार संघटना उभी राहिली, पण या बाईला त्याचा उपयोग झाला नाही.

याच सुमाराची एक यादी जरूर पाहा, १८७३ ची रिटर्न ऑफ ओनर्स ऑफ लँड. एक एकर आणि त्याच्यावर जमीन असलेल्या प्रत्येकाचं नाव, काउंटीवार, किती एकर, किती उत्पन्न. स्कॅन नेटवर फुकट आहे. लंडन सोडून इंग्लंड-वेल्समध्ये मालक निघाले सुमारे ९ लाख ७३ हजार, त्यातले ७ लाखांवर एक एकराच्या आतले, त्यांची तर नावंही छापली नाहीत. आणि गंमत अशी की त्याच्या थोडंच आधी, १८६० च्या दशकात, इकडे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये, म्हणजे नागपूर ज्यात होतं त्या प्रांतात, साहेब लोक सेटलमेंट म्हणजे जमिनीच्या साऱ्याचा बंदोबस्त करत होते आणि गावोगावी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक म्हणून कागदावर बसवत होते. मला ते रजिस्टर वाचल्यावर वाटलं, यांना घरची सवयच दोन कॉलमची, एक मालक, एक कसणारा, म्हणून इकडेही पहिला कॉलम भरायला कोणीतरी पाहिजेच होता. हे माझं मत आहे, पण वडील असते तर त्यांना पटलं असतं.

शेवटचा टप्पा घसरणीचा. १८७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांनी येऊ लागला, १८७९ ला पावसानं पीक बुडवलं, भाव काही वर आला नाही. पंधरा-सोळा वर्षं आधी अमेरिकेतल्याच यादवी लढाईनं आपल्या कापसाचा भाव चढवला होता, तेव्हा हे फार्मर तिकडे सुखात होते. हे तुमच्या गावात दिसते का ते पाहायला टाइद रजिस्टरमधले अॅरेबलचे नंबर घ्या आणि १९०० च्या आसपासच्या मोठ्या स्केलच्या नकाशावर, जुन्या विक्रीच्या जाहिरातींत, डिरेक्टरीत तीच वावरं शोधा. डिरेक्टरी म्हणजे केली वगैरे कंपन्या काढायच्या ती गाववार पुस्तकं, गावातले मुख्य मालक, फार्मर, दुकानदार, मुख्य पिकं असं त्यात असते, लेस्टर युनिव्हर्सिटीच्या साइटवर बरीच फुकट आहेत. आमच्याकडची दोन मोठी वहीत वावरं तोवर गवताखाली गेली होती.

आणि कुठं अडलात तर काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला ईमेल करा, घाबरू नका, इंग्रजी मोडकी चालते. पण "आमच्या गावाची सगळी माहिती पाठवा" असं लिहू नका, आपल्या तहसीलीत असं विचारलं तर बाबू काय म्हणेल ते आठवा. पॅरिशचं नाव, वर्ष, प्लॉट नंबर, आणि एकच प्रश्न. मी विचारलं होतं की ११२ नंबर १८७१ च्या आधी कोणाला भाड्यानं दिल्याची इस्टेटच्या भाडेवहीत नोंद आहे का. नवव्या दिवशी उत्तर आलं, भाडेवही आहे, पण १८७१ च्या आधीच्या नेमक्या पाच वर्षांची पानं पाण्यानं चिकटलेली आहेत, उघडता येत नाहीत. फोन करायचा असेल तर आपल्या दुपारी अडीचनंतर करा, उन्हाळ्यात दीडनंतर, त्याच्या आधी तिकडे कोणी आलेलं नसते.